द्रुत ताना आणि तबकडीची आतली बाजू

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढेच. पण बाहेरचा फेरा मोठा आणि आतला लहान. बारा इंची तबकडीच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, लेबलाजवळ जेमतेम वीस-बावीस. तेवढ्याशा जागेत तेवढंच संगीत कोंबायचं म्हटल्यावर वरचे बारीक स्वर तिथे फाटू लागतात. ख्यालाची तर खरी पंचाईत. विलंबित आधी आणि द्रुत ताना शेवटी, म्हणजे सर्वांत दाट गाणं नेमकं सर्वांत अडचणीच्या जागी! शिवाय वीस-बावीस मिनिटांनी उठून बाजू उलटायची.

१९८२ साली बाजारात आलेल्या सीडीला हा त्रास नाही. लेसर आतून बाहेर वाचत जातो आणि तबकडीचे फेरे मिनिटाला सुमारे ५०० वरून २०० पर्यंत उतरतात. त्यामुळे वाचनाचा वेग कायम राहतो. सलग तासाभराहून अधिक राग ऐकता येतो, आणि तानपुऱ्याआधीची शांतता खरोखरच शांत असते.

तरीही एखादी जुनी एलपी सरस वाटते, ती का? दोष बहुधा माध्यमाचा नसतो. नव्वदच्या दशकापासून, विशेषतः पॉप-रॉकच्या अनेक सीडी मुद्दाम कर्कश मोठ्या करण्यात आल्या. हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतरच दाबलं गेलं. खाचेत अशी दांडगाई फारशी चालत नाही. म्हणून सीडी घेताना आवृत्ती पाहावी. मूळ टेपऐवजी झिजलेल्या रेकॉर्डवरून उतरवलेली असेल, तर खरखरही सोबत येतेच.