टेबल खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही

आपला संघ ओळीने चार सामने हरला की फुटबॉलप्रेमींच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: ‘टेबल कधी खोटं बोलत नाही.’ पुढची मागणीही ठरलेली असते. कोच हाकला, निम्मा संघ विका. हे ऐकून ऐकून आता चीड येते. सगळे सामने संपल्यावर गुणतक्त्यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. मध्येच त्याच्याकडे बघून संघ संपला असं ठरवणं साफ चूक आहे.

बोरुसिया डॉर्टमुंडचा 2014-15 चा हंगाम घ्या. आदल्या वर्षी हा संघ बुंडेसलिगात दुसरा होता. मग स्ट्रायकर लेवांडोव्स्की बायर्नला गेला आणि घसरगुंडी सुरू झाली. 17 सामन्यांत 10 पराभव, गुण फक्त 15, अठरा संघांत सतरावा क्रमांक. फेब्रुवारीत तर थेट तळाला. कोच युर्गन क्लॉपची जादू ओसरली, त्याचं प्रेसिंग सगळ्यांनी ओळखलं, असं सर्रास बोललं जाऊ लागलं.

हीच पडझड आलेखावर मांडून बघू. आडव्या अक्षावर सामने, उभ्या अक्षावर गोलफरक. एक रेष प्रत्यक्ष गोलफरकाची. दुसरी अपेक्षित गोलांच्या, म्हणजे एक्सजीच्या फरकाची. फटका कुठून मारला, कोणत्या कोनातून, पायाने की डोक्याने, यावरून तो गोल होण्याची शक्यता काढतात. पेनल्टीची शक्यता 0.75 च्या थोडी वर, लांबून हाणलेल्या फटक्याची जेमतेम काही शतांश. या सगळ्यांची बेरीज म्हणजे एक्सजी. एकेका सामन्याचा आकडा फार उड्या मारतो, म्हणून दोन्ही रेषा दहा सामन्यांच्या सरकत्या सरासरीने काढायच्या.

दोन्ही रेषा एकत्र खाली येत असतील तर संघ खरंच बिघडलाय, काळजी करा. पण प्रत्यक्ष गोलांची रेष कोसळते आणि अपेक्षित गोलांची वरच राहते, तेव्हा संधी निर्माण होत आहेत, चेंडू मात्र जाळ्यात जात नाही. एवढी मोठी दरी सहसा फार काळ टिकत नाही. डॉर्टमुंडचं नेमकं हेच झालं होतं.

सप्टेंबर 2014 मधला माइन्झविरुद्धचा सामना बघा. डॉर्टमुंडचे फटके जास्त. तरी आधी माइन्झने गोल केला, मग इम्मोबिलेची पेनल्टी हुकली आणि लगेच गिंटरकडून स्वयंगोल झाला. निकाल 0-2. तक्त्यात याची नोंद ‘पराभव, शून्य गुण’ एवढीच. पुढे क्लॉप लिव्हरपूलला गेल्यावर तिथले तेव्हाचे संशोधनप्रमुख इयन ग्रॅहम यांनी याच सामन्याचे आकडे क्लॉपपुढे ठेवले. ग्रॅहम यांनी तो सामना पाहिलेलाही नव्हता, फक्त आकडे वाचले होते. डॉर्टमुंडचं ते वर्ष मुख्यतः दुर्दैवाचं होतं, असा त्यांचा हिशोब होता. न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिनने 2019 मध्ये हे सविस्तर छापलं आहे.

दुसऱ्या सत्रातल्या 17 सामन्यांत डॉर्टमुंडने 31 गुण मिळवले. कोच तोच, खेळाडूही बहुतेक तेच. शेवटी संघ सातवा आला आणि जर्मन कपच्या अंतिम सामन्यातही पोहोचला. सगळाच दोष नशिबाचा होता असं नाही. बचावातल्या ढोबळ चुका होत्या, दुखापतीही होत्या. पण ‘संपलेला संघ’ असा खेळत नाही.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

‘कोच बदलला की संघ सुधारतो.’ डच लीगच्या 1986 ते 2004 या काळाचा बास तेर वील यांनी अभ्यास केला. तितक्याच घसरलेले पण कोच न बदललेले संघही तसेच सावरले होते.

‘चेंडू जास्त वेळ ताब्यात, म्हणजे वर्चस्व.’ स्वतःच्या अर्ध्या मैदानात पास देत राहिलं तरी हा आकडा फुगतो.

‘एक्सजी आपला जास्त होता, म्हणजे विजय आपलाच होता.’ एका सामन्यावरून असं म्हणणं म्हणजे तक्त्यावाल्यांचीच चूक उलट्या बाजूने करणं.

‘क्रमांकाचा आलेख पुरेसा आहे.’ तक्त्याच्या मधल्या भागात दोन-तीन गुणांत पाच-सहा जागा बदलतात. गुणांचा आलेख काढा.

अंडरस्टॅट या संकेतस्थळावर युरोपातल्या पाच मोठ्या लीगचे 2014-15 पासूनचे आकडे विनामूल्य आहेत, म्हणजे डॉर्टमुंडचा हा हंगामही तिथे आहे. तो आधी बघा. मग आपल्या संघाच्या दोन रेषा काढा आणि त्यानंतरच कोचचा राजीनामा मागा.