फाल्गुन-चैत्रातील पक्षिनिरीक्षण : काय पाहावे, काय टिपावे

रब्बीची सुगी आटोपत आली की शेतकऱ्यांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास येते : "पीक पाखरांनी खाल्ले." ही तक्रार पुष्कळदा खरी असते, पण तितक्याच वेळा ती अपुरीही असते. कोणत्या पाखराने, कोणत्या पिकाचा कोणता भाग, कोणत्या अवस्थेत खाल्ला, या प्रश्नाचे उत्तर क्वचितच मिळते. चौकशी न होताच निकाल दिला जातो आणि शिक्षा सरसकट सर्व पक्ष्यांस होते.

एका गावी उशिरा पेरलेल्या हरभऱ्याच्या शेतावर प्रस्तुत लेखकास बोलावणे आले. घाट्यांना भोके पडली होती आणि सकाळ-संध्याकाळ साळुंक्यांचे थवे पिकात उतरत होते. "दाण्याला औषध चोळून बांधावर टाकतो, साहेब. दहा-वीस मेल्या की बाकीच्या फिरकणार नाहीत," असे शेताच्या मालकांनी सांगितले. त्यांस दोन दिवस थांबण्याची विनंती केली. दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी आम्ही बांधावरील बाभळीच्या आडोशास जाऊन बसलो. त्यांच्या मुलाने कॅमेऱ्याने साळुंक्यांची तीसएक चित्रे घेतली. ती मोठी करून पाहता तीन-चार चित्रांत चोचीमध्ये हिरवी अळी स्पष्ट दिसली. ती घाटे अळी होती. घाट्यावरील वाटोळे भोक ही त्या अळीचीच खूण होय. विषाचे दाणे टाकले गेले असते, तर रोग तसाच राहून वैद्य मात्र मारला गेला असता.

पक्षिनिरीक्षण हा केवळ हौशी लोकांचा छंद नसून शेतीच्या पाहणीचे ते एक अंग आहे, ही गोष्ट अशा प्रसंगांवरून ध्यानात येते. त्याची रीत पुढे दिली आहे.

वसंतातील फेरीच का?

फाल्गुन आणि चैत्र हे महिने या कामास विशेष सोयीचे आहेत. रब्बी पिके निघाल्याने रान मोकळे होते व पक्षी लांबूनही दिसतो. पळस, पांगारा आणि काटेसावर यांची पाने गळून ती झाडे लाल फुलांनी भरतात. त्या फुलांतील मधासाठी साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, कावळे असे नाना जातींचे पक्षी एकाच झाडावर गोळा होतात. फुलांनी लहडलेल्या अशा एका पळसाजवळ तासभर स्वस्थ बसणे हा नवशिक्याला उत्तम पाठ होय.

दुसरे असे की, या दिवसांत हिवाळी पाहुणे आणि कायमचे रहिवासी असे दोन्ही पक्षी पाहावयास सापडतात. धोबी, भोरड्या इत्यादी पाहुणे उत्तरेकडे परतण्याच्या तयारीत असतात, तर येथील कित्येक पक्षी घरटी बांधू लागतात. याच सुमारास नीलपंख, ज्यास कोठे चास असेही म्हणतात, आकाशात उंच जाऊन गिरक्या घेत खाली झेपावतो. त्याच्या पंखांवरील निळे पट्टे त्या वेळी जसे उजळून दिसतात, तसे एरव्ही दिसत नाहीत.

फेरीची तयारी

सूर्योदयापासून दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचे दोन तास या वेळी पक्षी अधिक हालचाल करतात. दुपारी ते सावलीत विसावतात, तेव्हा ती वेळ वाया जाते. मंडळी चार-पाचांहून अधिक नसावी. अंगावर मातकट अथवा हिरवट रंगाचे कपडे असावेत. बोलणे हळू आवाजात व चालणे सावकाश असावे.

दुर्बीण असल्यास उत्तम. तिच्यावर ८×४० असे आकडे असतात. त्यांपैकी पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसते हे सांगतो व दुसरा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये दर्शवितो. शेतावरील कामास या मापाची दुर्बीण पुरेशी आहे. ती नसली तरी फेरी अडत नाही. डोळे, वही आणि पेन्सिल ही तीन साधने मात्र अवश्य हवीत.

डॉ. सालिम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील सुप्रसिद्ध पुस्तक १९४१ साली निघाले व आजही ते अभ्यासकांच्या हाती असते. याच सालिम अलींनी अलिबागजवळील किहीम येथे सुगरण पक्ष्याचे निरीक्षण केले. नर घरटे अर्धवट विणून थांबतो, मादीने ते पसंत केले तरच पुरे करतो आणि मग दुसरे विणावयास घेतो, ही गोष्ट त्यांनी घरट्यांसमोर दिवसच्या दिवस बसून पाहिली. असे बसणे कोणाही शेतकऱ्यास शक्य आहे.

पाच प्रश्न

पक्षी दिसताच त्याचे नाव शोधण्याची घाई करू नये. प्रथम पुढील पाच प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत.

१. आकार केवढा? चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा?
२. चोच कशी? दाणे फोडणारी आखूड व जाड, की किडे वेचणारी बारीक, की मांस फाडणारी आकडेदार?
३. कोठे होता? जमिनीवर, पिकात, तारेवर, झाडावर की गुरांच्या पाठीवर?
४. काय करीत होता? प्रत्यक्ष काय खाताना दिसला?
५. पीक कोणते व कोणत्या अवस्थेत होते?

यांतील चौथा व पाचवा प्रश्न शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहेत. "थवा शेतात उतरला" ही नोंद अपुरी होय. "थवा उतरला, तीन पक्षी नाकतोडे पकडताना दिसले, कणसावर एकही बसला नाही" ही नोंद उपयोगाची.

मित्र की शत्रू?

कोतवाल, नीलपंख, हुदहुद व गायबगळा यांचा निवाडा सोपा आहे. कोतवाल तारेवरून झेप घेऊन उडते किडे टिपतो, नीलपंख नाकतोडे व टोळ धरतो, हुदहुद लांब चोच जमिनीत खुपसून अळ्या काढतो आणि गायबगळा नांगरामागे चालत उघडे पडलेले किडे वेचतो. यांच्यावर पिकाच्या नासाडीचा आळ घेता येत नाही.

पोपटाची गोष्ट याच्या उलट आहे. मका, सूर्यफूल, ज्वारी व पेरू यांचे तो खरोखर नुकसान करतो आणि खातो त्यापेक्षा अधिक खाली पाडतो. हेही निरीक्षणानेच ठरते व तेही प्रामाणिकपणे लिहावे.

तथापि बहुतेक पक्षी या दोहोंच्या मधले आहेत. चिमणी आणि सुगरण दाणे खातात, पण पिलांना मात्र मुख्यतः किडे व अळ्या भरवितात. आपल्या ओसरीवरील घरट्यात चिमणी तासाभरात किती वेळा चारा घेऊन येते, हे शाळेतील मुलांकडून मोजून घ्यावे. जी संख्या येईल ती घरातील वडीलधाऱ्यांनाही थक्क करील.

या मधल्या वर्गातील सर्वांत बोधप्रद उदाहरण भोरडीचे होय. अंग गुलाबी, डोके, पंख व शेपटी काळी अशा या पक्ष्याचे प्रचंड थवे दुधात आलेल्या ज्वारीवर पडतात. तेव्हा माळ्यावर गोफण घेऊन उभे राहण्यावाचून शेतकऱ्यास गत्यंतर नसते. हाच पक्षी फाल्गुनात पळसाच्या फुलांवर असतो, म्हणून त्यास पळस मैना असेही म्हणतात. पुढे तो मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात जाऊन वीण करतो व तेथे टोळ आणि नाकतोडे यांवर पिले वाढवितो. चीनच्या शिनजियांग प्रदेशात टोळांच्या बंदोबस्तासाठी या पक्ष्यांकरिता मुद्दाम घरट्यांच्या जागा बांधून दिल्या जातात. आपण ज्यास हाकलतो, त्यास तेथे निवारा देतात. म्हणून दाणे भरण्याच्या काळात भोरड्यांस हाकलणे रास्त आहे; विष घालणे रास्त नाही.

विचार न करता पक्षी मारण्याचा परिणाम काय होतो, याचे उदाहरण चीनमध्येच घडले. १९५८ साली तेथे चिमणीस पिकाची वैरीण ठरवून देशभर मोहीम काढण्यात आली. असंख्य चिमण्या मेल्या, पिकांवरील कीड वाढली आणि १९६० साली चिमणीचे नाव वैऱ्यांच्या यादीतून काढावे लागले.

छायाचित्र कसे घ्यावे?

आपल्या कामी छायाचित्र हा साक्षीदार आहे. ते देखणे नसले तरी चालेल, पण पक्षी काय करीत होता हे त्यात दिसले पाहिजे.

सूर्य आपल्या पाठीशी असावा, म्हणजे पक्ष्याचे रंग खरे उतरतात. पक्ष्याच्या दिशेने सरळ चालत जाऊ नये. तिरपे व थांबत थांबत जावे, किंवा एका जागी बसून पक्ष्यास आपल्याकडे येऊ द्यावे. बैलगाडीस व चरणाऱ्या गुरांस पक्षी सहसा बिचकत नाहीत, म्हणून गाडीत बसून घेतलेली चित्रे पुष्कळदा चांगली येतात. कॅमेरा असल्यास भिंग पक्ष्याच्या डोळ्यावर स्थिर करावे. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाच्या १/१००० किंवा त्याहून जलद ठेवावा.

मोबाइलने दूरचा पक्षी नीट येत नाही आणि पडद्यावर चित्र ताणून मोठे केल्यास ते पुसट होते. त्याऐवजी मोबाइलचे भिंग दुर्बिणीच्या डोळ्याकडील भिंगास लावून पाहावे. थोड्या सरावाने बरे चित्र मिळते. पक्षी काही खात असेल तर चलचित्र घ्यावे. त्यात झालेली क्रिया पुन्हा पुन्हा पाहता येते. पक्ष्यासोबत पिकाचेही एक चित्र घ्यावे. घाटा, कणीस अथवा फळ यांवरील इजा जवळून टिपावी. मोबाइलमध्ये तारीख व वेळ आपोआप नोंदली जाते, तरी गावाचे व शिवाराचे नाव वहीत लिहून ठेवावे.

रात्री हिंडणाऱ्या गव्हाणी घुबडाचे चित्र मिळणे अवघड असते. पण त्याची साक्ष दिवसाही सापडते. हे घुबड उंदीर बहुधा अख्खा गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांची गोळी तोंडावाटे टाकते. पडक्या वाड्यात किंवा जुन्या झाडाखाली अशा गोळ्या मिळाल्यास हातमोजे घालून त्या पाण्यात भिजवाव्यात. उंदरांच्या कवट्या वेगळ्या होतात. त्या कागदावर ओळीने मांडून त्यांचेच छायाचित्र घ्यावे. घुबडास अशुभ मानणाऱ्या ग्रामस्थांसमोर हे एक चित्र ठेवले, तर दहा व्याख्यानांचे काम होते. विष खाऊन मेलेले उंदीर उघड्यावर टाकू नयेत. ते पुरावेत, नाहीतर त्यांवर पोट भरणारी घुबडे विषबाधेने मरण्याचा धोका असतो.

घरट्यांविषयी सावधगिरी

वसंतात छायाचित्राच्या मोहाने सर्वांत अधिक अपाय घरट्यांना होतो. नीट दिसावे म्हणून फांद्या तोडू नयेत. अंड्यांस हात लावू नये. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्यास बोलावू नये. मोठे पक्षी घिरट्या घालून ओरडू लागले की आपण फार जवळ आलो असे समजून मागे फिरावे. घरट्यातून हुसकलेला पक्षी वेळेवर परतला नाही, तर या उन्हात अंडी व पिले वाचत नाहीत. शिवाय आपल्या वाटेने कावळा व मांजर तेथे पोचतात.

टिटवी उघड्या रानात, ढेकळांतच बहुधा चार अंडी घालते. उन्हाळी नांगरट करताना टिटवी आक्रोश करीत घिरट्या घालू लागली, तर क्षणभर औत थांबवून जमीन पाहावी व अंड्यांभोवती हातभर जागा सोडून नांगर वळवावा. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये बहुतेक वन्य पक्ष्यांना मारणे, पकडणे किंवा त्यांची अंडी काढणे हा गुन्हा आहे, हेही गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी लोकांस समजावून द्यावे.

नोंदींचा उपयोग

दरवर्षी त्याच शिवारात, त्याच वाटेने, त्याच सुमारास फेरी काढावी आणि नोंदी एका वहीत ठेवाव्यात. एका वर्षाची वही थोडे सांगते. पाच वर्षांच्या वह्या पुष्कळ सांगतात. राजस्थानातील भरतपूर येथील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडे झपाट्याने कमी होत असल्याचे १९९० नंतरच्या दशकात लक्षात आले, ते पूर्वीच्या मोजणीच्या नोंदी हाताशी होत्या म्हणून. पुढे गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध त्यास कारण असल्याचे सिद्ध झाले आणि २००६ साली जनावरांसाठी त्याच्या वापरावर भारतात बंदी आली. नोंदी नसत्या, तर ही हानी ध्यानात येण्यास आणखी किती काळ गेला असता!

गावच्या वहीचाही असाच उपयोग करावा. कोतवाल व साळुंक्या अळ्या टिपताना आढळल्या, तर हरभरा, तूर, कापूस या पिकांत काठ्यांचे पक्षी थांबे उभारावेत. ज्वारीसारख्या पिकात दाणे भरू लागताच थांबे काढून घ्यावेत. फवारणी करण्यापूर्वी पिकात अळी किती आहे हे मोजावे व पाखरे तिचा किती फडशा पाडीत आहेत, हेही पाहावे.

वर सांगितलेल्या हरभऱ्याच्या शेतात पुढच्या हंगामी मालकांनी आपण होऊन थांबे लावले. ते छायाचित्र त्यांनी घराच्या ओटीवर टांगले आहे, आणि पाखरांची तक्रार घेऊन येणाऱ्या शेजाऱ्यास ते प्रथम त्याच्यापुढे उभे करतात. येत्या फाल्गुनात प्रत्येक शिवारात एक तरी फेरी निघावी. पाखरांस दोष द्यावयाचा असेल तर जरूर द्यावा, पण तो दोन सकाळी बांधावर बसून, डोळ्यांनी पाहून आणि वहीत लिहून मगच द्यावा.