रात्रीच दिसणारा जोड : दुकानाच्या बोर्डावरून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा

संध्याकाळी दिवे लागले की क्रांती चौकातून जालना रोडने चालत निघा आणि फक्त दुकानांच्या बोर्डांकडे बघा. आतून उजेड असलेल्या एखाद्या मोठ्या बोर्डावर बोटभर रुंदीची काळपट रेघ दिसेल. दिवसा तोच बोर्ड बघितला तर ती रेघ सहसा लक्षातही येत नाही. फ्लेक्सचे दोन तुकडे एकमेकांवर चढवून चिकटवले की तिथे कापड दुहेरी होतं. मागून उजेड आला की तेवढीच पट्टी काळी पडते.

आज या रेघेपासून सुरुवात करायचं कारण असं की, "लघुउद्योगातील उपकंत्राट : एक अभ्यास" अशा छापाचे विषय घेऊन बरेच जण पीएचडीच्या मुलाखतीला जातात आणि "पण तुमचा प्रश्न काय?" या पहिल्याच वाक्याला अडकतात. विषय आणि प्रश्न यात फरक आहे. विषय म्हणजे परिसर, प्रश्न म्हणजे त्यातलं एक दार. ते दार कसं शोधायचं, हे आपल्याच शहरातल्या बोर्डांवरून बघू.

आधी काम समजून घ्या

ग्लो साइन बोर्डाची रचना साधी असते. चौकोनी लोखंडी पाइपची फ्रेम, आत ट्यूब किंवा आता बहुतेक ठिकाणी एलईडी मॉड्यूल, आणि समोर ताणून बसवलेलं बॅकलिट फ्लेक्स. हे फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टरच्या जाळीदार कापडावर पीव्हीसीचा थर. साध्या फ्लेक्सपेक्षा ते उजेड जास्त आरपार जाऊ देतं आणि पसरवतं. उजेड आरपार जात असल्यामुळे त्यावर शाईही दाट मारावी लागते, नाहीतर रात्री लाल रंग गुलाबी दिसतो.

आता मापाकडे या. मोठ्या प्रिंटिंग मशीनची नेहमीची रुंदी ३.२ मीटर, म्हणजे साधारण साडेदहा फूट. फ्रेमवर मुडपून घ्यायला चारी बाजूंना अर्धा फूट सोडला, तर बोर्डाची लहान बाजू साडेनऊ फुटांपर्यंत असेल तोवर फ्लेक्स अखंड निघतं. २० बाय ८ चा बोर्ड एका तुकड्यात होतो. २० बाय १२ चा होत नाही, त्याला जोड येतोच. ती काळी रेघ म्हणजे मशीनची मर्यादा.

आणखी एक गोष्ट. साध्या बोर्डावर एक शब्द बदलायचा तर वर पट्टी चिकटवून भागतं. आतून उजेड असलेल्या बोर्डावर ती पट्टी रात्री डागासारखी दिसते. त्यामुळे एक ओळ बदलायची असली तरी अख्खं फ्लेक्स नवं करावं लागतं.

२०२३ साली काय झालं

हे माहीत असलं की २०२३ हे वर्ष वेगळं दिसायला लागतं. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी औरंगाबादचं नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं. कितीतरी बोर्डांवरची पत्त्याची ओळ एका दिवसात जुनी झाली. दुसरा धक्का मराठी पाट्यांचा. २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीत मराठी नाव बंधनकारक झालं. शिवाय मराठी अक्षरं इतर भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत, अशी अट आली. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. म्हणजे ऐन दसरा-दिवाळीत.

अक्षरांच्या आकाराची अट नीट बघा. पूर्ण बोर्ड इंग्रजी नावानं भरलेला असेल तर कोपऱ्यात मराठी नाव टाकून चालत नाही, मांडणीच नवी करावी लागते. कायद्यातलं एक वाक्य थेट फ्लेक्सच्या रोलपर्यंत पोचतं ते असं.

संशोधकासाठी अशी मुदत फार उपयोगाची असते. एरवी लोक बोर्ड आपापल्या सवडीने बदलतात, त्यामुळे कारण आणि परिणाम वेगळे काढता येत नाहीत. बाहेरून आलेली तारीख सगळ्यांना एकदम लागू होते, आणि मग "घाई वाढली की काम कसं बदलतं?" हे विचारता येतं.

काम बाहेर का जातं

रोनाल्ड कोझ या अर्थशास्त्रज्ञाने १९३७ साली एक भाबडा वाटणारा प्रश्न विचारला : सगळं बाजारातून विकत घेता येतं, तर कंपन्या असतातच कशाला? त्याचं उत्तर थोडक्यात असं, की बाजारातून काम करून घ्यायलाही खर्च येतो. माणूस शोधा, भाव ठरवा, काम नीट झालं का ते तपासा. हा खर्च जास्त असेल तर काम घरात होतं, कमी असेल तर बाहेर जातं. पुढे ऑलिव्हर विल्यमसनने हा विचार वाढवला.

बोर्डवाल्याला हे लावून बघा. दहा फुटी मशीन दिवसभर चाललं तरच परवडतं, म्हणून छोटा बोर्डवाला प्रिंट बाहेरून घेतो. फ्लेक्स ओढणारी दोन-चार जणांची टोळी रोज लागत नाही, म्हणून तीही कामापुरती. वायरिंगवाला तिसरा. दुकानदार ज्याला "आमचा बोर्डवाला" म्हणतो, तो अनेकदा माप घेणारा, डिझाइन मंजूर करून घेणारा आणि पैसे वाटणारा माणूस असतो. यात गैर काही नाही. धंदा असाच चालतो.

अडचण तपासण्याच्या खर्चात आहे. रंग बरोबर आला का, हे डोळ्यांना दिसतं. फ्लेक्सला झोळ पडलाय का, दिसतं. दिवे लागतात का, दिसतं. पण फ्लेक्स नवं असलं तरी खालची फ्रेम बहुधा जुनीच राहते. तिचे वेल्डिंगचे टाके गंजलेत का, भिंतीतले बोल्ट ढिले झालेत का, हे दिसत नाही.

ढोबळ हिशेब करू. वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, आपल्या शहरासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे. दाब काढायचा तर वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणायचं. उत्तर येतं दर चौरस मीटरला सुमारे ९१३ न्यूटन. २० बाय ८ चा बोर्ड म्हणजे १४.९ चौरस मीटर. इतर गुणक बाजूला ठेवले तर एकूण जोर जवळपास १४०० किलो वजनाइतका. भिंतीला चिकटलेल्या बोर्डावर तो पूर्ण येईलच असं नाही. पण गच्चीवर उभ्या बोर्डाला हा विचार टाळता येत नाही. १३ मे २०२४ ला घाटकोपरला १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग कोसळून १७ जण गेले. तेव्हापासून आपण होर्डिंगबद्दल बोलतो. दुकानावरच्या जुन्या फ्रेमबद्दल क्वचितच.

मग जबाबदार कोण

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याचं कलम १२ इथे वाचण्यासारखं आहे. मालकाने आपल्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं काम कंत्राटदाराला दिलं आणि त्या कामाच्या जागी कामगाराला अपघात झाला, तर भरपाई मूळ मालकाकडे मागता येत असे. नंतर तो ती कंत्राटदाराकडून वसूल करू शकत असे.

सगळी गंमत "नेहमीच्या धंद्याचा भाग" या शब्दांत आहे. साडीच्या दुकानाचा धंदा साड्या विकण्याचा. बोर्ड बसवणं हा त्याचा नेहमीचा धंदा नाही, तेव्हा तो यातून सुटू शकत होता. पण बोर्डवाला? फ्लेक्स बसवणं हाच त्याचा धंदा. ते काम त्याने टोळीला दिलं तरी कलमाच्या भाषेत तो मूळ मालक ठरू शकत होता. दुसरीकडे, २०२५ पर्यंत लागू असलेल्या कंत्राटी कामगार कायद्याची २० कामगारांची मर्यादा महाराष्ट्राने ५० वर नेली होती. चार जणांची टोळी त्या जाळ्यात येतच नसे. परांचीवर चढलेला माणूस एका कायद्यात दिसत होता, दुसऱ्यात दिसत नव्हता.

आता प्रश्न तयार करा

आता विषयाचा प्रश्न होतो : *फ्लेक्स बदलण्याचं काम तुकड्यांत वाटलं गेलं, तेव्हा जुनी फ्रेम तपासणं कुणाच्या वाट्याला आलं?* याचं उत्तर चुकीचंही निघू शकतं. कदाचित टोळीवालेच फ्रेम नीट बघत असतील. उत्तर आधीच माहीत असेल तर तो प्रश्न नसतो.

हे करताना चार गोष्टी सांभाळा.

एक, अभ्यासाचं एकक "दुकान" किंवा "बोर्डवाला" धरू नका, "एक काम" धरा. प्रत्येक कामासाठी तक्ता करा : माप, प्रिंट, जोड, ओढणं, वायरिंग, फ्रेम. प्रत्येकासमोर तीन रकाने : कोणी केलं, पैसे कोणी दिले, तपासलं कोणी.

दोन, बोर्डवाल्याकडून कामांची यादी मागू नका. तो चांगलीच कामं सांगणार. गुलमंडी ते पैठण गेट असा एक पट्टा ठरवा, दर पाचवा उजेडाचा बोर्ड निवडा आणि तिथून मागे जा. तरीही जे बोर्ड पडले किंवा काढले, ते तुमच्या नमुन्यात येणार नाहीत. हे प्रबंधात स्वतःहून लिहा.

तीन, जोड दिसला म्हणजे काम बाहेर गेलं, असं समजू नका. जोड मशीनची रुंदी सांगतो. मशीन कुणाचं होतं, ते सांगत नाही. दोन्ही गोष्टी मोठ्या बोर्डांत एकत्र सापडतात म्हणून त्या एक होत नाहीत.

चार, टोळीतल्या माणसाशी बोर्डवाल्यासमोर बोलू नका. "फ्रेम सडलेली होती, तरी ओढलं" हे त्याचं वाक्य तुमच्यासाठी माहिती असते, त्याच्यासाठी पुढचं काम जाण्याचं कारण. नाव, दुकान, चौक, काहीच ओळखू येता कामा नये.

या आठवड्यात एवढंच करा. रात्री एक रस्ता चाला, दहा बोर्ड निवडा, आणि प्रत्येकाचा तक्ता जमेल तेवढा भरा. फ्रेमसमोरचा "तपासलं कोणी" हा रकाना किती वेळा रिकामा राहतो ते मोजा. माहिती मिळाली नाही म्हणून रिकामा आणि कुणीच तपासलं नाही म्हणून रिकामा, हे दोन वेगवेगळ्या खुणांनी लिहा. तुमच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्या दोन खुणांमधल्या फरकात असेल.