दुधाचे डबे नकोत, आईला आधार द्या



आपल्यापैकी काहींनी आदिवासी बालकांसाठी दूध-पावडरीचे डबे पाठवण्याची तयारी दाखवली. प्रेमाची भेट नाकारताना मन जड झाले, म्हणून कारण सांगते.

कळमनुरी तालुक्यातील एका आंध वस्तीवर मी गेले, तेव्हा बाळंतिणीची सासू पहिला चीक पिळून टाकायला सांगत होती. "पिवळं दूध बाधतंय लेकराला." नातीला गुळाचे पाणी चाटवले होते. मावशींच्या मायेत खोट नव्हती, आपल्याही नाही. पण नुसती माया पुरत नाही.

चीक थोडाच येतो, पण त्यात रोगांशी लढणारी द्रव्ये भरपूर असतात. आईच्या दुधातून उपयोगी जिवाणूही बाळाला मिळतात. नवल म्हणजे, त्या दुधातील काही शर्करा बाळाला पचतच नाहीत! त्या असतात आतड्यातल्या बायफिडो जिवाणूंसाठी. हे जिवाणू त्यांपासून आम्ल तयार करतात आणि त्यात जुलाबाचे जंतू सहजी वाढत नाहीत. बाळाच्या पोटाला लागलेले हे विरजणच म्हणा ना.

ओडिशातील खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांचा अभ्यास झाला. अंगावर पिणाऱ्या बाळांना एक उपयोगी जिवाणू आणि त्याचे खाद्य आठवडाभर दिले, तेव्हा गंभीर जंतुसंसर्ग व मृत्यू यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र अशी औषधे डॉक्टरांशिवाय देऊ नयेत.

डब्याच्या दुधाला शुद्ध पाणी, उकळलेली भांडी लागतात. डबा पुरवायचा म्हणून दूध पातळ होते. तोवर आईचे दूध आटते. १९९२ च्या कायद्यानेही अनाथालये वगळता असे डबे व बाटल्या वाटायला मनाई आहे.

आईला दूध देणे शक्यच नसेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती अशाच गरजू बाळांसाठी.

त्या दिवशी आशाताई आणि मी तासभर बसलो. शेवटी मावशींनीच नातीला सुनेच्या छातीशी धरले.

पहिल्या तासात स्तनपान आणि सहा महिने फक्त आईचे दूध, एवढे साधायचे आहे. त्यासाठी बाळंतिणीला डाळ, शेंगदाणे, ज्वारी द्या. मजुरीला न जाता बाळाजवळ राहता येईल एवढा आधार द्या. बाळाचे अन्न देवाने आईजवळ ठेवलेच आहे.