आंबणे आणि आंबट होणे : सडव्यातील अम्लतेचा विचार

मराठीत पीठ आंबते, ताक आंबते, इडलीचे वाटण आंबते आणि भिजत घातलेली मोहाची फुलेही आंबतात. या सर्व घटनांना भाषेने एकच क्रियापद लावले आहे व ते चवीवरून घडलेले आहे. संस्कृत 'अम्ल', प्राकृत 'अंब' आणि 'अंबिल' या परंपरेतून आंबट, आंबील, आंबणे हे शब्द मराठीत आले. युरोपीय भाषांनी याच घटनेकडे निराळ्या बाजूने पाहिले. इंग्रजी 'फर्मेंटेशन' या शब्दाच्या मुळाशी 'उकळणे' या अर्थाचा लॅटिन धातू आहे. म्हणजे तेथे नाव पडले ते फसफसण्यावरून. कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात येणारा 'किण्व' हा शब्द तर क्रिया घडवून आणणाऱ्या द्रव्याचाच निर्देश करतो. चव, हालचाल आणि कारण अशा तीन अंगांनी एकाच घटनेला तीन नावे मिळाली.

यांपैकी चवीवरून पडलेले नाव विशेष विचार करण्याजोगे आहे. साखरेचे मद्यार्कात रूपांतर होणे ही एक क्रिया आणि द्रव अम्ल होणे ही दुसरी. 'आंबणे' या शब्दात दोन्ही मिसळून गेल्या आहेत. प्रत्यक्ष व्यवहारातही त्या सहसा बरोबरच घडतात. परंतु ज्याला मद्य गाळावयाचे आहे, त्याचे यश पहिली क्रिया पूर्ण होण्यावर आणि दुसरी मर्यादेत राहण्यावर अवलंबून असते. ही मर्यादा कशी ठरते व कशी राखली जाते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ऊर्ध्वपातनापूर्वी आंबत ठेवलेल्या द्रवाला इंग्रजीत 'वॉश' म्हणतात. महाराष्ट्रातील पोलिसी कागदपत्रांत त्याला 'रसायन' म्हटलेले आढळते. विदर्भात मोहाच्या संदर्भात 'सडवा' हा शब्द रूढ आहे. 'रसायन' या शब्दाने शास्त्रीय चर्चेत घोटाळा होण्याचा संभव असल्यामुळे पुढील विवेचनात 'सडवा' हाच शब्द योजला आहे.

१. अम्लता कोठून येते

१८५६ साली फ्रान्समधील लील येथे बीटच्या रसापासून मद्यार्क काढणाऱ्या एका कारखानदाराने आपली पिंपे बिघडत असल्याची तक्रार लुई पाश्चरकडे नेली. पाश्चरने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा चांगल्या पिंपांतील द्रवात यीस्टच्या गोल पेशी आढळल्या, आणि आंबट झालेल्या पिंपांत त्याहून पुष्कळच लहान अशा काड्यांसारख्या जीवांची दाटी दिसली. १८५७ साली त्याने दुग्धाम्ल-किण्वनावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. मद्यार्क करणारे जीव वेगळे आणि दुग्धाम्ल करणारे वेगळे, हा भेद तेव्हापासून स्पष्ट होत गेला.

आजच्या ज्ञानाप्रमाणे सडव्यातील अम्लतेची चार मूळस्थाने सांगता येतात. पहिले, फळाचा किंवा फुलाचा अंगचा आंबटपणा. दुसरे, स्वतः यीस्ट. पोषकद्रव्ये आत घेताना ते हायड्रोजन-आयन बाहेर टाकते व थोडी सेंद्रिय अम्लेही निर्माण करते. तिसरे, दुग्धाम्ल-जीवाणू, यांना हवेची गरज नसते. चौथे, शिरकाम्ल-जीवाणू, हे मात्र हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने तयार मद्यार्काचेच शिरक्यात रूपांतर करतात. म्हणून झाकणे घट्ट लावल्याने चौथ्या कारणाचे निवारण होते, तिसऱ्याचे होत नाही. गोव्यात काजूच्या बोंडांचा रस आंबवताना बाहेरून यीस्ट घालण्याची रीत नाही. फळाबरोबर आलेल्या जीवांवरच काम चालते. अशा वेळी आंबणे संपताच द्रव भट्टीवर चढवावा लागतो, कारण नंतरचा प्रत्येक दिवस शिरक्याच्या बाजूचा असतो.

हातभट्टीच्या संदर्भात गुळाबरोबर नेहमी उल्लेखिला जाणारा नवसागर हे दुसऱ्या कारणाचे बोलके उदाहरण आहे. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. यीस्ट त्यातील नत्र घेते आणि त्याच्या मोबदल्यात हायड्रोजन-आयन द्रवात सोडते. क्लोराइड तेथेच उरते. परिणामतः सडव्यात जणू हायड्रोक्लोरिक अम्लच थोडेथोडे पडत राहते.

२. यीस्ट आणि अम्ल

अम्लतेचे मोजमाप पीएच या अंकाने करतात. ही पद्धती १९०९ साली कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन याने मांडली. अंक जितका लहान तितकी अम्लता अधिक. आणि अंकात १ चा फरक म्हणजे हायड्रोजन-आयनांच्या प्रमाणात दसपट फरक, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

यीस्टला साधारणपणे ४ ते ५.५ हा टापू मानवतो. याहून वरच्या, उदासीनतेकडील टापूत जीवाणूंचे फावते. अल्कतेच्या बाजूला तर यीस्टचेच काम अडते. नीरा गोड राहावी म्हणून मडक्याला आतून चुना लावण्याची प्रथा याच कारणाने यशस्वी होते. उलट पीएच ३.५ च्या खाली जाऊ लागला की किण्वन मंदावते आणि पुढे साखर शिल्लक असतानाही थांबू शकते. यीस्टच्या पेशीचा अंतर्भाग जवळजवळ उदासीन असतो. बाहेरचे हायड्रोजन-आयन आत शिरत राहिले, तर त्यांना परत बाहेर लोटण्यात पेशीची ऊर्जा खर्च होते.

येथे अम्लाचा प्रकारही महत्त्वाचा ठरतो. शिरकाम्लासारखे सौम्य अम्ल अविघटित स्थितीत पेशीच्या पटलातून आत जाते व आत गेल्यावर विघटित होते. पीएच ४.७६ असता शिरकाम्लाचा निम्मा भाग अविघटित असतो, पीएच ३.७६ वर हे प्रमाण सुमारे ९१ टक्के होते. म्हणजे सडवा जसजसा अधिक अम्ल होतो, तसतसे त्यातील तेच शिरकाम्ल यीस्टला अधिक जाचक होते.

३. जिभेची साक्ष

अम्लता ओळखण्याचे सर्वांत जुने साधन जीभ होय. 'आंबणे' या शब्दाचा जन्मही तिच्याच साक्षीने झाला. परंतु ही साक्ष दोन कारणांनी अपुरी पडते. साखर आंबटपणाला झाकते. त्यामुळे आरंभी गोड लागणारा द्रव पुरेसा अम्ल असू शकतो, आणि साखर संपत आली की अम्लता तितकीच असूनही तो एकाएकी आंबट भासतो. दुसरे असे की, जिभेला जाणवतो तो बहुतांशी अम्लाचा एकूण साठा; यीस्टला थेट भिडतो तो पीएच. हे दोन अंक एक नव्हेत. म्हणून पीएच-कागद किंवा मापक यांवाचून केलेले नियमन हे अनुमानच राहते.

४. नियमनाच्या दोन दिशा

सडवा कशाचा आहे यावर नियमनाची दिशा ठरते. मळी किंवा धान्य यांत क्षार, फॉस्फेटे व अमिनो-अम्ले असतात. ती अम्लाचा धक्का सोसतात व पीएच एकदम घसरू देत नाहीत. शुद्ध साखरेच्या पाण्यात असा आधार जवळजवळ नसतो. परिणामी साखरेचा सडवा एकदोन दिवसांतच धोक्याच्या टापूत येऊ शकतो. गूळ या दोहोंच्या मधला मानावा.

साखरेच्या सडव्यात काळजी घ्यावी लागते ती पीएच खाली न जाऊ देण्याची. यासाठी धुतलेले शिंपले किंवा कॅल्शियम कार्बोनेट घालतात. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, अम्लात विरघळते. त्यामुळे शिंपला गरजेपुरताच झिजतो. चुन्याचे तसे नाही. तो अम्लाची वाट न पाहता विरघळतो आणि जरा जास्त पडल्यास द्रव अल्क करून सोडतो. 'खडू' या शब्दाबाबतही सावध असावे. खनिज खडू हे कॅल्शियम कार्बोनेट होय; फळ्यावर लिहिण्याचा खडू पुष्कळदा जिप्समचा असतो आणि जिप्सम अम्लाचे उदासिनीकरण करीत नाही.

धान्याच्या सडव्यात प्रयत्न उलट दिशेने होतो. अमेरिकेतील केंटकी राज्यात 'सावर मॅश' म्हणून जी पद्धती आहे, तीत आधीच्या गाळणीनंतर भांड्यात उरलेला अम्ल द्रव नव्या सडव्यात मिसळतात. एकोणिसाव्या शतकात तेथे स्थायिक झालेल्या जेम्स क्रो या स्कॉटिश गृहस्थाने ती शास्त्रशुद्ध केली. या मिश्रणाने आरंभीच पीएच उतरतो व यीस्ट जोम धरीपर्यंत जीवाणूंना आवर बसतो. जमैकातील काही रम-उत्पादक तर याही पुढे जातात. 'डंडर' नावाचा असाच उरलेला द्रव वापरून ते जीवाणूंच्या अम्लांना मुद्दाम वाव देतात, कारण अम्ल आणि मद्यार्क यांच्या संयोगाने होणारी एस्टरे त्या रमला तिचा उग्र सुगंध देतात. एका ठिकाणचा दोष दुसऱ्या ठिकाणी गुण होतो, तो असा.

५. अम्लतेच्या पलीकडे

दुग्धाम्ल सहसा उडून जात नाही. ते गाळल्यानंतर भांड्यातच राहते. शिरकाम्लाचा काही अंश मात्र वाफेबरोबर पुढे जातो व धातूंवर परिणाम करतो. इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात सफरचंदाच्या आंबट मद्यामुळे होणाऱ्या पोटशुळाचे कारण यंत्रातील शिसे हे आहे, असे जॉर्ज बेकर या वैद्याने १७६७ साली दाखवून दिले. फळातील अम्लानेच ते शिसे पेयात उतरवले होते. शिशाच्या डाखणीची भट्टी वापरणाऱ्यांस हा धोका आजही आहे.

तथापि अम्लता सांभाळली म्हणजे मद्य निर्धोक झाले, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे शंभराहून अधिक माणसे दगावली, ती मिथेनॉलमुळे. त्याचा अम्लतेशी संबंध नव्हता. कायद्याचा प्रश्नही वेगळा आहे. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरते मद्य घरी गाळण्यास मुभा आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्यावाचून मद्य गाळणे हा गुन्हा आहे.

शास्त्रीय लेखनात मद्यार्क होण्याच्या क्रियेस 'किण्वन' व अम्लता वाढण्याच्या क्रियेस 'अम्लीभवन' अशा दोन संज्ञा काटेकोरपणे योजणे इष्ट होय. मात्र यावरून 'आंबणे' हा शब्द अशास्त्रीय ठरत नाही. यीस्ट काम करू लागले की द्रव थोडा तरी आंबट होतोच. हा नित्य साहचर्याचा अनुभव लोकभाषेने त्या एका क्रियापदात नोंदवून ठेवला आहे. त्या साहचर्याची मर्यादा सांगणे हे शास्त्राचे काम आहे.