अक्षता पडतात ते मिनिट

लग्नाच्या जुन्या कॅसेटची डीव्हीडी करायला सॉफ्टवेअर निवडायचं असेल, तर त्याच्या रंगीत थीम आणि हलते मेनू आधी बघू नयेत. मंगलाष्टकं संपून अक्षता पडतात ते एक मिनिट त्याला द्यावं आणि काय परत येतं ते टीव्हीवर पाहावं. हवेत उडालेले शेकडो दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी, मागे हलणारी गर्दी, शालूची जर, फेट्यांचे रंग. चित्र दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरला याहून अवघड काम क्वचितच मिळतं. कच्चं सॉफ्टवेअर असेल तर अक्षता नाहीशा होतात, त्यांच्या जागी चौकोनी ठोकळे थरथरतात आणि नवरीच्या चेहऱ्यावरचे बारकावे पुसले जातात. सत्काराच्या भाषणात मात्र सगळीच सॉफ्टवेअर सारखी दिसतात, कारण तिथे माणूस माइकपुढे स्थिर उभा असतो.

आमचं भवानीनगर हे श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचं गाव, बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. नव्वदच्या दशकात या भागात लग्न ठरलं की शूटिंगवाल्याला सुपारी जायची आणि महिन्याभराने मिक्सिंग झालेली व्हीएचएस कॅसेट घरी यायची. ती कपाटात साड्यांच्या घडीखाली राहिली. पुढे व्हीसीआर बिघडले, दुरुस्त करणारे कमी झाले. जगात नवे व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी जपानची फुनाई. तिनेही 2016 च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. आता यंत्र हवं असेल तर ओळखीपाळखीत विचारायचं, नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडायचं. म्हणून हे काम लांबणीवर टाकण्यासारखं राहिलेलं नाही.

कॅसेट हाती आली की आधी तिची खिडकी उजेडात धरून पाहतो. फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट यंत्रात घालायची नाही, कारण बुरशी हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटलाही बाधते. फीत चांगली असेल तर एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवायची, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेले वेढे सुटे होतात. मग व्हीसीआरची पिवळी, पांढरी, लाल पिन कॅप्चर यंत्राला आणि तिथून यूएसबीने संगणकाला. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात, त्यात घाई चालत नाही. मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून.

अक्षतांच्या जोडीला परीक्षेचा दुसरा तुकडा मी काटेवाडीचा ठेवला. देहूहून निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती सोडून सणसरच्या मुक्कामाला जाते, तेव्हा वाटेत काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं. मग पालखी भवानीनगरला विसावते. इथल्या बऱ्याच घरच्या कॅसेटमध्ये लग्नाच्या अलीकडे-पलीकडे पालखीचा एखादा तुकडा सापडतोच. धावणाऱ्या मेंढ्यांचे पाय सॉफ्टवेअरची एक खोट लगेच उघडी पाडतात.

आपल्याकडचं जुनं टीव्हीचं चित्र पाल पद्धतीचं. सेकंदाला 25 चित्रं, आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत विभागलेलं: एकात विषम रेषा, दुसऱ्यात सम. म्हणजे सेकंदाला 50 अर्धी चित्रं, एकामागून एक. यातलं आधी कुठलं दाखवायचं हे सॉफ्टवेअरला नीट कळलं पाहिजे. मिनी डीव्ही कॅमेऱ्यावरच्या चित्रात खालचं अर्धं आधी येतं, व्हीसीआरवरून घेताना पुष्कळ कॅप्चर यंत्रं वरचं आधी देतात. सॉफ्टवेअरने उलट धरलं तर मेंढी एक पाऊल पुढे आणि अर्धं पाऊल मागे अशी थरथरत धावते. संगणकाच्या पडद्यावर हा दोष नेहमी दिसत नाही. तिथे हलत्या वस्तूंच्या कडेला कंगव्यासारख्या आडव्या रेषा दिसतात आणि त्या घालवायचा मोह होतो. घालवू नयेत. डीव्हीडी टीव्हीवर लागणार असते, आणि त्या रेषा जुळवायचं काम टीव्ही स्वतः करतो. आधीच पुसून टाकल्या तर सेकंदातल्या 50 हालचालींच्या 25 उरतात आणि रिंगणाचा वेग मरतो.

आता जागेचा हिशेब. साध्या डीव्हीडीची क्षमता 4.7 जीबी, संगणक तीच 4.38 दाखवतो. कालव्याला पाणी ठरलेलं असतं आणि भिजवायचं क्षेत्र वाढलं की प्रत्येक रानाच्या वाट्याला कमी येतं, तसंच इथे. एक तासाचं चित्र असेल तर डीव्हीडीला चालणारा सगळ्यात वरचा दर देता येतो, चित्रासाठी सेकंदाला 9.8 मेगाबिट, किंवा त्याच्या अगदी जवळचा. दोन तास भरले तर चित्र आणि आवाज मिळून साधारण 5 वाट्याला येतात, तीन तासांना साडेतीनच्या आत. पूर्ण लग्न एकाच तबकडीवर बसवा असा घरच्यांचा आग्रह असतो. तो मानला की अक्षता गेल्याच म्हणून समजा. मी दोन तबकड्या करायला सांगतो: हळदीपासून अक्षतांपर्यंत एक, पंगतीपासून पाठवणीपर्यंत दुसरी.

याच हिशेबात एक छुपी गळती आहे. काही सॉफ्टवेअर आवाज न दाबता तसाच, पीसीएम पद्धतीने भरतात. त्याला सेकंदाला दीड मेगाबिट लागतात. तीन तासांच्या तबकडीवर साडेतीनातले दीड आवाजानेच नेले तर चित्राला उरतं काय? तोच आवाज डॉल्बीच्या एसी-3 पद्धतीत 0.2 मेगाबिटमध्ये बसतो, आणि व्हीएचएसवरचा सनई-चौघडा त्यात काही कमी ऐकू येत नाही. आवाजाची पद्धत बदलू न देणारं सॉफ्टवेअर मी यादीतून काढून टाकलं. दुसरी एक सोय मात्र फार थोड्या ठिकाणी सापडली. डीव्हीडीचं नेहमीचं चित्र 720 गुणिले 576 ठिपक्यांचं, पण नियमात 352 गुणिले 576 सुद्धा बसतं. व्हीएचएसवर आडवे बारकावे मुळातच जेमतेम 240 रेषांइतके असतात, त्यामुळे लांब कॅसेटला हा अरुंद आकार दिला तर कमी दरातही चित्र फुटत नाही. निम्म्या ठिपक्यांवर तेवढेच बिट खर्च होतात, हे त्याचं साधं कारण.

आवाज आणि चित्र जुळतंय का हे पाहायला लग्नासारखी सोय दुसरी नाही. शेवटचं ‘सावधान’ झालं की टाळ्या आणि बँड एकदमच सुटतात. ढोलावर काठी पडताना दिसते आणि ठोका ऐकू येतो, त्यात अंतर आहे का ते कळतं. कॅसेट जिथे चुरगळलेली असते तिथे कॅप्चर करताना काही चित्रं गळतात, आवाज मात्र चालू राहतो, आणि तिथून पुढे ओठ व शब्द यांची ताटातूट होते. म्हणून सुरुवातीची दोन मिनिटं पाहून समाधान मानू नये, पाठवणीपर्यंत जाऊन तपासावं. एका सॉफ्टवेअरने सुरुवात चोख दिली, पण शेवटी आई मुलीला जवळ घेते आणि हुंदका नंतर ऐकू येतो असं झालं. ते बघवलं नाही.

मिक्सिंगवाल्यांनी त्या काळी बदामात नवरा-नवरी बसवली, वरून सिनेगीतं टाकली. ती त्या काळची हौस होती आणि तीही जपावी. पण गाण्याखाली घरच्यांचा आवाज दबला. कुणाकडे मिक्सिंगच्या आधीची कच्ची कॅसेट असेल तर ती आधी उतरवावी असं मी आवर्जून सांगतो. मांडवात माणसं मोजणारे आजोबा आणि स्वयंपाकाच्या चुलाणाजवळ ओरडणारे मामा तिच्यात जसेच्या तसे ऐकू येतात.

मेनूचा प्रश्न मराठी घरासाठी वेगळाच आहे. इंग्रजीत नाव लिहिलं तर सगळं ठीक दिसतं. ‘शुभविवाह’ किंवा ‘लक्ष्मीपूजन’ लिहिलं की काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नुसती प्रश्नचिन्हं उमटतात, काहींत जोडाक्षर मोडून क्ष चा क आणि ष वेगळा पडतो. वाट सापडली ती अशी: मेनूचं चित्र बाहेरच तयार करायचं, अक्षरं त्यातच घ्यायची, आणि सॉफ्टवेअरला फक्त बटणांच्या जागा सांगायच्या. पार्श्वभूमीला स्वतःचं चित्र लावू देतं की नाही, ही म्हणूनच माझी एक अट झाली. प्रकरणंही हातानेच पाडतो. दर पाच मिनिटांनी आपोआप पाडलेलं प्रकरण हळदीच्या मधोमध सुरू होतं, त्याचा उपयोग नाही.

हे सगळं जिच्यासाठी, ती आत्या रिमोट हातात घेऊन विचारत होती, “आरं, कुठलं बटन दाबू?” मी म्हटलं, “काही दाबू नकोस आत्या, आपोआप लागतंय.” तबकडी घातली की मेनू न दाखवता थेट चित्र सुरू करायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असावी, मेनू मागून यावा. वयस्कर माणसांच्या घरी हा एक गुण बाकीच्या दहा गुणांना भारी आहे. आणि चित्राचं प्रमाण 4:3 च ठेवावं. 16:9 धरलं तर सगळे वऱ्हाडी रुंद होतात.

या क्षेत्रात सॉफ्टवेअरही कॅसेटच्याच वाटेने चाललीत. विंडोज व्हिस्टा आणि 7 च्या काही आवृत्त्यांत डीव्हीडी मेकर आयता मिळायचा, विंडोज 8 पासून तो काढला. अडोबीचं एन्कोर सीएस6 वर संपलं. डीव्हीडी फ्लिक 2009 नंतर पुढे सरकलं नाही. फुकट आणि मुक्त स्रोतातलं डीव्हीडी स्टायलर मला या कामाला पुरेसं वाटलं. त्यात स्वतःचं चित्र पार्श्वभूमीला लावता येतं, दर आणि आवाज आपल्या हाती राहतो, आणि कॅप्चर आधीच डीव्हीडीच्या नियमातलं असेल तर ते पुन्हा न दाबता तसंच ठेवायला सांगता येतं. पुन्हा दाबणं म्हणजे दरवेळी थोडं गमावणं, म्हणून ही शेवटची गोष्ट मी सगळ्यांच्या वर ठेवतो.

तबकडी लिहिताना सगळ्यात जास्त वेग निवडत नाही, आणि लिहून झाली की पडताळणी करू देतो. नाव मार्करने लिहायचं, कागदी स्टिकर लावायचा नाही. लिहिण्याजोग्या तबकडीतला रंगाचा थर उन्हाने आणि उष्णतेने खराब होतो, त्यामुळे ती टीव्हीजवळच्या खिडकीत राहू नये. कॅप्चर केलेली मूळ फाइल हार्ड डिस्कवर दोन ठिकाणी ठेवतो आणि घरच्यांना त्यातली एक प्रत देतो. डीव्हीडी बघण्यासाठी, फाइल जपण्यासाठी. उतरवून झालेली कॅसेट मी कुणालाही टाकू देत नाही. तिची पाठीमागची खूण तोडलेली आहे ना, तेवढं पाहतो, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही.