भत्ता महिन्याने, भाडे आधी
परदेशी शाळेत शिकवायला जाणाऱ्या लेकीच्या घराचा हिशेब

तळेरे पंचक्रोशीतल्या बचतगटांच्या वतीने आम्ही बोलत आहोत. आजचा विषय आहे परदेशात शाळेत शिकवायला जाणाऱ्या आपल्या लेकीसुनांच्या घराचा. तिथे त्या राहणार कुठे, भाडे कोण देणार आणि पहिल्या महिन्याचे पैसे कुठून येणार, याबद्दल बोलू या.

बचतगटात हा विषय कशाला, असे कुणी विचारील. गटाच्या बैठकीत कर्जाचे अर्ज येतात ते शेळीसाठी, काजूसाठी, शिलाई मशीनसाठी, मुलांच्या फीसाठी. आता त्यांत कधीमधी एक नवे कारण दिसते, ‘मुलीला दुबईला नोकरी लागली आहे, जायला पैसे हवेत.’ मुलगी बीए, बीएड झालेली असते. इथे विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या मानधनावर दोन-चार वर्षे काढलेली असतात. तिकडच्या भारतीय शाळेचे पत्र हातात पडते आणि घरात आनंद होतो. पत्रात पगाराचा आकडा असतो आणि खाली एक ओळ असते घराची. आपण पगाराचा आकडा दहा वेळा वाचतो. घराची ओळ मात्र कुणी नीट वाचत नाही.

तसे पाहिले तर घर सोडून जाणे आपल्याला नवे नाही. कोकणातला माणूस मुंबईला गिरणीत गेला, तेव्हा लालबाग-परळच्या चाळीत गावाच्या मंडळाची खोली असायची. एका खोलीत गावचे पंधरा-वीस जण, पाळीपाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे. नवा आलेला पोरगा थेट त्या खोलीवर ट्रंक टेकवायचा. अनामत नाही, करार नाही, दलाल नाही. परदेशात शिकवायला जाणाऱ्या मुलीसाठी अशी खोली नसते. तिथे कागद लागतो आणि आधी पैसे लागतात. म्हणून हे बोलणे. आम्ही दुबईचे उदाहरण घेतो. इतर देशांत नियम वेगळे असतील, पण विचारायचे प्रश्न तेच राहतात.

पहिली गोष्ट, पत्रातली घराची ओळ कोणती आहे ते पाहा. ती तीनपैकी एका प्रकारची असते. एक, शाळा स्वतः राहायला जागा देते. दोन, शाळा जागा देत नाही, घरभाडे भत्ता देते. तीन, पगारातच सगळे आले असे लिहिलेले असते. संयुक्त अरब अमिरातीचा कामगार कायदा, जो फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे, तो या तिन्ही पद्धतींना मुभा देतो. त्यामुळे ‘घर मिळणारच आहे’ हे तोंडी बोलणे धरून चालू नका. नेमणूकपत्रात आणि करारात काय लिहिले आहे तेच खरे.

शाळा जागा देत असेल तर विचारा : खोलीत किती जणी? स्वयंपाकाची सोय आहे का? वीज-पाण्याचे बिल कोणाकडे? शाळेपासून किती लांब आणि ने-आण कोण करणार? उन्हाळी सुट्टीत तिथे राहता येते का? नोकरी सुटली तर किती दिवसांत खोली रिकामी करायची? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. पण नोकरी आणि छप्पर दोन्ही एकाच हातात असले की एक गेल्यावर दुसरेही जाते. आपली मुलगी परक्या देशात त्या दिवशी कुठे जाईल, हे आधीच ठरलेले बरे.

आता भत्त्याचे पाहू. भत्ता म्हणजे घर नव्हे, घराच्या खर्चाला लावलेला हातभार. आपल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनाही घरभाडे भत्ता असतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो गावाकडे मूळ पगाराच्या ८ टक्क्यांपासून आणि मुंबईसारख्या शहरात २४ टक्क्यांपासून सुरू झाला. तो पगाराबरोबर येतो आणि आपण महिन्याचे भाडे महिन्याला देतो. दुबईत भत्ता महिन्याने येतो, पण भाडे बहुधा वर्षाचे ठरते आणि घरमालक ते एक, दोन, चार किंवा जास्त चेकांत आगाऊ मागतो. म्हणजे मुलगी राहायला जायच्या आधीच तीन-तीन, सहा-सहा महिन्यांचे भाडे द्यावे लागते. सगळी गोम इथे आहे.

हिशेब मांडून पाहू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा, एका लहानशा घराचे वर्षाचे भाडे ३६,००० दिरहम आहे आणि मालक चार चेक घ्यायला तयार आहे. पहिला चेक ९,००० दिरहमचा. अनामत रिकाम्या घराला वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के घेण्याचा तिथे रिवाज आहे, सामानासह घर असेल तर १० टक्के. आपण रिकामे धरू, म्हणजे १,८००. दलालाची दलाली साधारण ५ टक्के, म्हणजे आणखी १,८००. वीज-पाण्याच्या खात्याची अनामत फ्लॅटला २,००० दिरहम. त्या खात्याच्या नावाची आद्याक्षरे जोडून तिथे सगळे त्याला ‘देवा’ म्हणतात. एकूण झाले १४,६०० दिरहम. एका दिरहमला २४ रुपये धरले तर साडेतीन लाख रुपये. त्यात गादी, भांडी, गॅस काहीच नाही. दलालीवरचा कर आणि करारनोंदणीचे पैसे वेगळे.

आता महिन्याचे पाहा. समजा भत्ता २,५०० दिरहम आहे. भाडे महिन्याला ३,००० पडले. दुबई महापालिका भाडेकरूकडून वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के घरपट्टीसारखा आकार वीजबिलातून महिन्याला घेते, तो १५० झाला. ३,१५० खर्च, २,५०० भत्ता. दर महिन्याला ६५० दिरहम पगारातून जाणार, वीज-पाणी निराळे. दोघी शिक्षिकांनी मिळून घर घेतले, तर सुरुवातीचे ७,३०० आणि महिन्याचे १,५७५ प्रत्येकी पडतील, आणि भत्त्यातले थोडे पैसे उरतील. म्हणून एकटीने घर घ्यायची घाई नको. बरोबरीची शिक्षिका शोधणे हीसुद्धा तयारीच आहे.

मात्र वाटून राहायचे ते कायद्याने. मालकाची परवानगी न घेता पोटभाडेकरू ठेवला तर दुबईच्या कायद्यानुसार घर खाली करायला लावता येते. सप्टेंबर २०२२ पासून घरात राहणाऱ्या सगळ्यांची नावे तिथल्या जमीन खात्याकडे नोंदवायची असतात. स्वस्त पडते म्हणून प्लायवूडच्या फळ्या ठोकून केलेल्या ‘पार्टिशन’च्या खोल्या किंवा नुसती खाटेची जागा घेण्याचा मोह होतो. २०२५ मध्ये दुबई महापालिकेने अशा बेकायदा पार्टिशनांविरुद्ध मोठी मोहीम घेतली. आग लागली तर तिथून बाहेर पडायला वाट नसते, हे त्यामागचे कारण.

कागदाबद्दल एक शब्द लक्षात ठेवा, ‘एजारी’. अरबीत त्याचा अर्थ ‘माझे भाडे’. दुबईत भाड्याचा करार या नावाने सरकारकडे नोंदवला जातो. आपल्याकडेही १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाड्याचा करार लेखी करून नोंदवणे सक्तीचे आहे, तसेच हे. अबुधाबीत या नोंदणीला ‘तौथीक’ म्हणतात. एजारीवर आपल्या मुलीचे नाव असेल तर वीजजोडणी मिळते, आणि वाद झाला तर तिथल्या भाडे तंटा केंद्रात दाद मागता येते. नवरा-मुलांना नंतर बोलवायचे असेल तरी हाच कागद लागतो. कुटुंबाला बोलावण्यासाठी पगार किमान ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहायला जागा, अशी अट आहे. सुनेला पाठवताना ‘वर्षभरात पोरांना नेईल’ असे आपण सहज म्हणतो. आधी हा आकडा पत्रात आहे का ते पाहावे.

मालकाच्याही काही मर्यादा आहेत. करार संपताना भाडे वाढवायचे किंवा अटी बदलायच्या तर त्याने ९० दिवस आधी कळवावे लागते. वाढ किती करायची यालाही सरकारी मोजमाप आहे. विकण्यासाठी किंवा स्वतःला राहण्यासाठी घर हवे असेल, तर १२ महिन्यांची रीतसर नोटीस द्यावी लागते. हे माहीत असलेली बाई ‘उद्या निघा’ म्हटल्यावर घाबरत नाही.

चेकची गोष्ट जपून. पुढच्या तारखेचा चेक म्हणजे दिलेला शब्द. २०२२ पासून तिथला कायदा थोडा सौम्य झाला आहे, पण खात्यात पैसे नसल्याने चेक परत गेला तर वसुलीची कारवाई थेट न्यायालयातून होऊ शकते. पगाराच्या दुसऱ्या दिवशी चेकची तारीख यावी अशी मांडणी करा. घर घेताना भिंतीवरची ओल, गळका नळ, फुटकी फरशी यांचे मोबाइलवर फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा. अनामत परत मागताना तेच उपयोगी पडतात.

आणखी एक हिशेब कुणी सांगत नाही. नोकरी सोडताना तिथे सेवेचा मोबदला मिळतो, पहिल्या पाच वर्षांना दर वर्षामागे २१ दिवसांचा पगार. पण तो मोजतात मूळ पगारावर, भत्ता त्यात धरत नाहीत. समजा, दोन शाळा एकूण ५,००० दिरहमच देतात. पहिलीत मूळ पगार ३,००० आणि भत्ता २,०००. दुसरीत मूळ १,५०० आणि भत्ता ३,५००. चार वर्षांनी पहिलीकडून ८,४०० दिरहम मिळतील, दुसरीकडून ४,२००. महिन्याला हातात पडणारे पैसे सारखेच, परतताना मात्र निम्म्याचा फरक. मोठा भत्ता पाहून हुरळून जाऊ नका, मूळ पगार किती ते आधी विचारा.

एजंटाविषयी थोडे. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणारा एजंट १९८३ च्या कायद्याखाली केंद्र सरकारकडे नोंदलेला हवा. त्याची यादी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. उमेदवाराकडून त्याने ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त घ्यायचे नाहीत, आणि पावती द्यायलाच हवी. भरतीचा खर्च कामगारावर टाकायचा नाही, असे अमिरातीचा कायदा सांगतो. ‘तिकडे घर लावून देतो, आधी अनामत भरा’ असे इथे बसून कुणी म्हणाले तर पैसे देऊ नका. घर पाहिल्याशिवाय, करार वाचल्याशिवाय अनामत नाही.

आता आपल्या गटांनी काय करावे? आम्ही ग्रामसंघाच्या बैठकांत चार गोष्टी सुचवल्या आहेत. एक, अशा कर्जाच्या अर्जाबरोबर नेमणूकपत्राची प्रत घ्यावी आणि घराची ओळ सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावी. दोन, मुलीने शाळेला लेखी विचारावे की भाड्यासाठी भत्ता आगाऊ मिळेल का, आणि नव्या शिक्षिकेला पहिले काही आठवडे शाळेच्या जागेत राहता येईल का. काही शाळा वर्षाचा भत्ता आगाऊ देऊन पुढे पगारातून वळता करतात. विचारल्याशिवाय हे समजत नाही. तीन, गटाने पूर्ण साडेतीन लाखांची जबाबदारी घेऊ नये. गटाचे पैसे दहा-बारा जणींच्या घामाचे आहेत. महिना २ टक्के व्याजाने १ लाखाला महिन्याला २,००० रुपये नुसते व्याज होते. तेवढे फेडण्याइतका पगार भाडे भागवून उरतो का, हे कागदावर मांडून मगच रक्कम ठरवावी. चार, त्यातली अनामत घर सोडताना परत येणारी आहे. ती आली की काय करायचे, हे आजच इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवावे.

पासपोर्टची आणि कराराची प्रत घरीही ठेवा. अडचण आली तर दुबईत भारतीय वाणिज्य दूतावासाचे प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. त्याचा नंबर मुलगी विमानात बसायच्या आधी तिच्या आणि आपल्या, दोघींच्या फोनमध्ये असावा.

मैत्रिणींनो, शिकलेल्या मुलीने घराबाहेर पडू नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. तळेऱ्याच्या फाट्यावरून कोल्हापूरला, मुंबईला, गोव्याला वाटा फुटतात, तशा आपल्या मुलींच्या वाटाही फुटायलाच हव्यात. तिकडून पहिला फोन आला की आपण विचारतो, ‘जेवलंस काय गो?’ त्याच्या मागोमाग आणखी एक प्रश्न विचारायची सवय लावून घेऊ या. ‘घराचो कागद झालो मा?’